पॅकेज अडलं की आधी विचारा, ते आलं कुठून

उबंटू या लिनक्स प्रणालीवर एखादं पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचं गाठोडं, टाकायला जावं आणि टर्मिनलनं "द फॉलोइंग पॅकेजेस हॅव अनमेट डिपेन्डन्सीज" (सोबत लागणारी पॅकेजं जुळत नाहीत) म्हणत हात वर करावेत, हे आज ना उद्या प्रत्येकाच्या वाट्याला येतं. पुढची चूकही ठरलेली असते. मेसेजची शेवटची ओळ कॉपी करायची, ती शोधायची आणि मिळेल ती "फोर्स"वाली आज्ञा डकवायची. कधीकधी पॅकेज बसतंही. मग महिन्याभरानं अख्खं अपडेटच अडतं, आणि तोवर आपण काय डकवलं होतं ते आठवत नाही.

खालचं सगळं उबंटू २२.०४, २४.०४ आणि डेबियन १२ धरून आहे. लिनक्स मिंटलाही बहुतेक तसंच लागू पडतं. ऐरोलीहून कळव्याला फोनवर सांगाव्यात तशा आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजीत, लहान लिपीत टाइप करायच्या. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. "नाव" लिहिलंय तिथे पॅकेजचं नाव घालायचं.

रजिस्टर कोणाकडे असतं

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या मोठ्या सोसायटीचा कारभार डोळ्यांसमोर आणा. पॅकेजं प्रत्यक्ष बसवणारं डीपीकेजी हे साधन म्हणजे सेक्रेटरी. कोण राहतं, कोणती पार्किंगची जागा कोणाची, हे सगळं त्याच्या रजिस्टरात असतं आणि ते रजिस्टर म्हणजे /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस ही फाइल. ॲप्ट म्हणजे बाहेरची धावपळ करणारा. कुठून काय आणायचं आणि कशासोबत काय लागतं हे तो ठरवतो, पण नोंद शेवटी सेक्रेटरीच करतो. एका फाइलला मालक पॅकेज एकच, जसं एका पार्किंगला गाडी एकच. दुसऱ्यानं तिथे गाडी लावायचा प्रयत्न केला की डीपीकेजी गेटवरच अडवतो.

आणि अडणाऱ्या मशीनवर जवळजवळ नेहमी एकच गोष्ट सापडते: दोन-तीन ठिकाणांहून आणलेला माल. थोडा उबंटूच्या भांडारातला, म्हणजे पॅकेजांच्या अधिकृत साठ्यातला, थोडा कुठल्या पीपीएतला, म्हणजे बाहेरच्या कुणी चालवलेल्या भांडारातला, एखादी वेबसाइटवरून उतरवलेली डेब फाइल, म्हणजे सुटं पॅकेज. म्हणून दुरुस्तीचा पहिला प्रश्न "कसं बसवू" हा नसतो, "हे कुठून आलं" हा असतो.

काही बदलण्याआधी

सुडो ॲप्ट अपडेट

सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकारानं. ही आज्ञा भांडारांतल्या पॅकेजांची यादी ताजी करते. हिच्या उत्तरात "एरर" किंवा "इग्नोर्ड" असेल तर आधी तेच निस्तरा. जुन्या यादीवर पुढचं काही करण्यात अर्थ नाही. सेकंडहँड लॅपटॉपवर इथे एक गंमत होते. मदरबोर्डवरचा बटण सेल संपलेला असतो, घड्याळ मागे पडतं आणि "रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट" येतं. तारीख नीट करा, संपलं. "हॅश सम मिसमॅच" आलं तर बहुधा मिररचं, म्हणजे भांडाराची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरचं, समक्रमण अर्धवट आहे किंवा मधल्या प्रॉक्सीनं जुनी फाइल दिली आहे. सेटिंगमध्ये मिरर सोडून मुख्य सर्व्हर निवडा आणि पुन्हा अपडेट करा.

यानंतरची सगळ्यात उपयोगी आज्ञा:

ॲप्ट पॉलिसी नाव

ती "इन्स्टॉल्ड" म्हणजे आत्ता असलेली आवृत्ती दाखवते, "कँडिडेट" म्हणजे ॲप्टला बसवायची असलेली, आणि खाली प्रत्येक आवृत्ती कुठल्या भांडारातून येते ते. ५०० हा नेहमीच्या भांडाराचा दर्जा. बसलेल्या आवृत्तीखाली फक्त "१०० /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस" एवढंच दिसलं, तर ते पॅकेज अनाथ आहे: मशीनवर आहे, पण चालू असलेल्या कुठल्याच भांडारात नाही. अशांची अख्खी यादी मिळते:

ॲप्ट लिस्ट '?ऑब्सोलीट'

वर्षानुवर्षं चाललेल्या मशीनवर ही यादी बघितली की निम्मं निदान तिथेच होतं.

"यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस" या ओळीनं मात्र घाबरू नका. तिचा अर्थ तुम्ही काही रोखून ठेवलंय असा होत नाही. ॲप्टला मार्ग सापडला नाही की तो हेच म्हणतो. खरंच रोखलेलं काही आहे का ते "ॲप्ट-मार्क शोहोल्ड" सांगतं. उत्तर रिकामं आलं की तो मुद्दा सोडून द्यायचा. तसंच "केप्ट बॅक", म्हणजे काही पॅकेजं मागे ठेवल्याची ओळ. उबंटू काही अपडेट टप्प्याटप्प्यानं, आधी थोड्या मशीनना आणि मग सगळ्यांना सोडतं. पॉलिसीत "फेज्ड" असा शब्द आणि टक्केवारी दिसली तर तुमची पाळी यायची आहे. काहीही करू नका. हे जबरदस्तीनं ओढणं म्हणजे लोकल थांबण्याआधी उडी मारणं.

मुळापर्यंत उतरणं

ॲप्ट पहिल्या पायरीवरच थांबतो. "अ ला ब हवं, पण ब बसणार नाही," एवढं सांगून गप्प. तेव्हा त्याला उलट विचारायचं: ब सुद्धा आज्ञेत घाला.

ॲप्ट -एस इन्स्टॉल अ ब

आता तो म्हणेल, ब ला क ची अमुक आवृत्ती हवी, पण दुसरीच बसणार आहे. मग क ही जोडा. तीन-चार फेऱ्यांत एखादं लायब्ररी पॅकेज (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो सामाईक कोड) उघडं पडतं. त्याची पॉलिसी बघा. नव्वद टक्के खेळ इथेच संपतो: बसलेली आवृत्ती कुठल्यातरी पीपीएची निघते आणि ती भांडारातल्या आवृत्तीपेक्षा नवी असते. -एस म्हणजे नुसती रंगीत तालीम, काही बदलत नाही, सुडोही लागत नाही. हाताला तिचीच सवय लावा.

ज्यांना फेऱ्यांचा कंटाळा आहे त्यांनी ॲप्टिट्यूड टाकून "ॲप्टिट्यूड व्हाय-नॉट नाव" विचारावं. तो कारणांची साखळीच मांडतो. पॅकेज ॲप्टिट्यूडनंच बसवायला घेतलं तर त्याचा पहिला तोडगा बहुधा "आहे तसंच राहू दे" असा असतो. एन दाबलं की पुढचा.

गुन्हेगार पीपीएच निघाला तर तो नुसता यादीतून काढून भागत नाही. भांडार जातं, पण त्यातून आलेली पॅकेजं जिथल्या तिथे राहतात. त्यासाठी पीपीए-पर्ज नावाचं साधन आहे. ते पीपीए बंद करतं आणि त्यातली पॅकेजं उबंटूच्या आवृत्तीवर परत आणतं. एक-दोनच पॅकेजं असतील तर हातानं मागे जाता येतं:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल नाव=आवृत्ती

आवृत्ती पॉलिसीत दिसते तशीच, शेपटासकट लिहायची.

आवृत्तीबदल करताना, म्हणजे २२.०४ वरून २४.०४ ला जाताना, उबंटूचा अपग्रेडर परकी भांडारं आपण होऊन बंद करतो. त्यांची पॅकेजं तशीच मागे राहतात आणि अनाथांच्या यादीत जातात. म्हणून पीपीए-पर्ज अपग्रेडच्या आधी करायचं. नंतर केलं तर दुप्पट काम.

दुसऱ्या आवृत्तीसाठी बनलेली डेब फाइल

एखाद्या सॉफ्टवेअरची डेब फाइल २०.०४ वर बनलेली असते आणि लिबएसएसएल १.१ ही लायब्ररी मागते. २२.०४ मध्ये फक्त लिबएसएसएल ३ आहे. उलट दिशेनं, २४.०४ वर बनलेली फाइल लिबसी६ ची २.३८ किंवा पुढची आवृत्ती मागते आणि २२.०४ वर ती २.३५ असते. (डेबियन १२ वर २.३६, उबंटू २४.०४ वर २.३९.) नव्या उबंटूतून लिबसी६ उचलून जुन्यावर बसवणं हा उपाय कुठेही वाचलात तरी करू नका. मशीनवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम त्या लायब्ररीवर उभा आहे. ती बिघडली तर फाइलींची यादी दाखवणारी साधी एलएस आज्ञासुद्धा चालत नाही. आपल्या आवृत्तीसाठी बनलेली फाइल शोधा. नसेलच, तर फ्लॅटपॅक, स्नॅप किंवा डॉकरचा कंटेनर वापरा. ही सिस्टिमपासून वेगळ्या लायब्ऱ्या घेऊन चालणारी पाकिटं. डेबियनवर उबंटूचा पीपीए जोडणंही परकी लिबसी६ बसवण्याच्याच पंक्तीत बसतं, करू नका.

डेब फाइल बसवायला "डीपीकेजी -आय" ऐवजी हे वापरा:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./फाइल.डेब

पुढची टिंब-तिरकी रेघ महत्त्वाची. ती नसली तर ॲप्ट त्या नावाचं पॅकेज भांडारात शोधत बसतो. डीपीकेजी सोबतची पॅकेजं आणत नाही, ॲप्ट आणतो.

ॲपइमेज (न बसवता थेट चालणारी प्रोग्रामची एकच फाइल) वापरणाऱ्यांसाठी एक खड्डा. २२.०४ वर ॲपइमेज "लिबफ्यूज" मागतं म्हणून लोक "फ्यूज" हे पॅकेज टाकतात. फ्यूज आणि फ्यूज३ एकत्र नांदत नाहीत, आणि डेस्कटॉपचे काही भाग फ्यूज३ वर अवलंबून आहेत. ॲप्ट ते सगळे काढायची परवानगी मागतो, माणूस वाय दाबतो आणि पुढच्या वेळी डेस्कटॉपचं तोंड दिसत नाही. हवं असतं ते फक्त "लिबफ्यूज२", २४.०४ वर "लिबफ्यूज२टी६४". टी६४ ही शेपटी २४.०४ मध्ये बऱ्याच लायब्ऱ्यांना लागली आहे. ३२-बिट एआरएमवर वेळ मोजण्याचा आकडा २०३८ मध्ये संपू नये म्हणून केलेल्या बदलाची ती खूण. जुन्या लेखांतली नावं त्यामुळे सापडत नाहीत. शेपटी लावून बघा.

एका जागेवर दोन गाड्या

"ट्राइंग टु ओव्हरराइट ..., व्हिच इज ऑल्सो इन पॅकेज ..." या मेसेजमध्ये सगळं उत्तर असतं: कुठली फाइल आणि आत्ताचा मालक कोण. २२.०४ वर नोडसोर्स या बाहेरच्या भांडारातलं नवं नोडजेएस (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) टाकताना हमखास दिसणारा प्रकार घ्या. कॉमन.जिपी नावाची फाइल लिबनोड-डेव्ह या उबंटूच्या जुन्या पॅकेजकडे असते. उपाय सरळ आहे:

सुडो ॲप्ट रिमूव्ह लिबनोड-डेव्ह
सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

मग पुन्हा नोडजेएस. उबंटूचं वेगळं "एनपीएम" पॅकेजही काढा, नव्या नोडजेएसमध्ये ते आतच येतं.

मेसेज गेला असेल तर मालक विचारायला "डीपीकेजी -एस" आणि पुढे फाइलचा पूर्ण पत्ता. इथे एस मोठा. २२.०४ वर /यूएसआर/बिन/… नं उत्तर आलं नाही तर /यूएसआर गाळून बघा, जुन्या नोंदी तशा आहेत. "फोर्स-ओव्हरराइट" हा पर्याय आहे खरा, पण त्यानं भांडण मिटत नाही. नंतर एक पॅकेज काढलं की दुसऱ्याची फाइलही जाऊ शकते.

डॉकरची गत अशीच. उबंटूचं डॉकर.आयओ आणि कंटेनरडी एकीकडे, डॉकरच्या स्वतःच्या भांडारातलं डॉकर-सीई आणि कंटेनरडी.आयओ दुसरीकडे. दोन्ही मिसळत नाहीत. एकच घराणं निवडा. दुसरं काढताना "रिमूव्ह" करा, "पर्ज" नको: डॉकर.आयओ पर्ज केलं की /व्हार/लिब/डॉकरमधल्या इमेज आणि व्हॉल्यूम पुसले जाऊ शकतात.

प्रिंटर आणि ३२-बिटची जोडी

स्टेशनाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांत कॅननचा एलबीपी २९०० अजून धडधडतो आहे. त्याचा कॅप्ट ड्रायव्हर ६४-बिट उबंटूवरही काही ३२-बिट लायब्ऱ्या मागतो. त्यासाठी आधी:

सुडो डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आय३८६
सुडो ॲप्ट अपडेट

विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या वाइनचंही तेच. इथे अडचण येते ती नियमामुळे: एकाच लायब्ररीच्या ६४-बिट आणि ३२-बिट प्रती शेजारी बसवायच्या तर दोघींची आवृत्ती अक्षरशः तीच हवी. एखाद्या पीपीएनं फक्त ६४-बिट प्रत पुढे नेली आणि ३२-बिट बनवलीच नाही, की ३२-बिटला जोडीदार उरत नाही. ॲप्ट मग "अमुक:आय३८६ बसणार नाही" एवढंच पुटपुटतो. दोन्ही नावांची पॉलिसी शेजारी ठेवून बघा, "नाव" आणि "नाव:आय३८६". फरक दिसला की ६४-बिट प्रत उबंटूच्या आवृत्तीवर मागे आणा. पण तसं करताना काय काय निघून जाणार आहे ते आधी -एस लावून वाचा.

अपडेट चालू असताना लाइट गेली

जूनच्या पहिल्या वादळी पावसात हे हमखास होतं. फाइल उतरत असताना नेट किंवा वीज गेली तर चिंता नाही. अर्धी फाइल /व्हार/कॅश/ॲप्ट/आर्काइव्ह्ज/पार्शियलमध्ये पडून राहते आणि उतरणं पुढे सुरू होतं. मोबाईल हॉटस्पॉटवर ट्रान्स-हार्बरच्या गाडीतही ते चालतं. बिघडतं ते "अनपॅकिंग" आणि "सेटिंग अप" या ओळी धावत असताना. लॅपटॉपला बॅटरीचा आधार असतो, दुकानातल्या डेस्कटॉपला नसतो. वीज आल्यावर, याच क्रमानं:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल
सुडो डीपीकेजी --ऑडिट

तिसरी आज्ञा काहीच बोलली नाही तर सगळं ठीक. "फाइल्स लिस्ट फाइल … मिसिंग फायनल न्यूलाइन" आलं तर त्या पॅकेजची डीपीकेजी/इन्फोमधली .लिस्ट फाइल खराब झाली आहे. ती बाजूला हलवून "ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल नाव" करा. रजिस्टरच फाटलं असेल, म्हणजे स्टेटस फाइलच वाचता येत नसेल, तर शेजारची स्टेटस-ओल्ड किंवा /व्हार/बॅकअप्समधली डीपीकेजी.स्टेटस.० तिच्या जागी कॉपी करा. आधी खराब फाइलही जपून ठेवा.

"कुड नॉट गेट लॉक" ही त्यातलीच गैरसमजाची गोष्ट. मेसेजमध्ये प्रोसेसचा नंबर असतो. बहुतेक वेळा पार्श्वभूमीत आपोआप चाललेलं सुरक्षा-अपडेट निघतं. चहा पिऊन या. लॉक फाइल पुसण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण ती पुसल्यानं चालू असलेला डीपीकेजी थांबत नाही. एकाच रजिस्टरात दोघे एकदम लिहायला बसतात, एवढंच होतं.

स्क्रिप्ट फसते तेव्हा

"पोस्ट-इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट … रिटर्न्ड एरर" यात पॅकेजांचं भांडण नसतंच. कारण त्या ओळीच्या वर असतं. दोन कारणं सतत भेटतात. एक, /बूट भरलेलं. डिस्क एन्क्रिप्ट करून उबंटू टाकलं की /बूटचं छोटं वेगळं पार्टिशन होतं आणि जुनी कर्नल (सिस्टिमचा गाभा) साचतात. "डीएफ -एच /बूट" बघा, मग "सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज". "यूनेम -आर" जे दाखवतं ते, म्हणजे आत्ता चालू असलेलं, कर्नल हातानं कधीच काढू नका. दुसरं, डीकेएमएस, म्हणजे ड्रायव्हरचे मोड्यूल नव्या कर्नलसाठी पुन्हा बनवणारं साधन. नवं कर्नल आलं आणि एनव्हिडियाचा किंवा व्हर्च्युअलबॉक्सचा मोड्यूल त्यावर बनला नाही. कारण /व्हार/लिब/डीकेएमएसमधल्या मेक.लॉगमध्ये मिळतं, ड्रायव्हर नवा होईपर्यंत बूट मेनूतून मागचं कर्नल निवडून काम चालवा.

पायथन: कॉलेजच्या प्रोजेक्टवाल्यांसाठी

उबंटूची बरीच साधनं सिस्टिमच्या पायथनवर चालतात. प्रोजेक्टला वेगळं पायथन हवं म्हणून /यूएसआर/बिन/पायथन३ ची दिशा बदलली की "नो मोड्यूल नेम्ड ॲप्ट_पीकेजी" येतं, टर्मिनलही उघडेनासं होऊ शकतं. परत आणायचं असं: "अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज --रिमूव्ह-ऑल पायथन३", आणि मग २४.०४ वर

सुडो एलएन -एसएफ पायथन३.१२ /यूएसआर/बिन/पायथन३

२२.०४ वर ३.१०. दोन्ही आज्ञा सुडोनं, एकापाठोपाठ; मधे दुसरं काही करत बसू नका.

पायथनची पॅकेजं आणणाऱ्या पिपनं "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट" म्हणून अडवलं तर तो तुमच्या भल्यासाठी अडवतोय. "ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस" या पर्यायाचं नावच पुरेसं बोलकं आहे. प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःचं घर द्या:

पायथन३ -एम व्हेन्व्ह प्रोजेक्ट

पायथन३-व्हेन्व्ह हे पॅकेज आधी लागतं. पूर्वी कधी सुडो पिप केलं असेल तर /यूएसआर/लोकल/लिबमधल्या पायथनच्या डिस्ट-पॅकेजेस फोल्डरमध्ये डोकावा. तिथली प्रत ॲप्टच्या प्रतीच्या आधी वाचली जाते, आणि अनेक अनाकलनीय चुका तिथून येतात.

वाय दाबण्याआधी

"विल बी रिमूव्ह्ड" खालची यादी पूर्ण वाचा. त्यात उबंटू-डेस्कटॉप, नोम-शेल, नेटवर्क-मॅनेजर, सुडो यांपैकी काही असेल तर एन. २०२१ मध्ये पॉप ओएस या उबंटूवर बेतलेल्या प्रणालीवर स्टीम हे गेमचं ॲप बसवताना डेस्कटॉपच निघून जात असल्याचं गाजलं होतं. ॲप्टनं तेव्हा "येस, डू ॲज आय से!" असं पूर्ण वाक्य टाइप करून घेतलं होतं, तरी माणसं टाइप करत होती.

दाबून बसलाच असाल तर /व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग उघडा. तारीख, दिलेली आज्ञा आणि काय आलं-गेलं याची नावानिशी नोंद तिथे असते. "रिमूव्ह" च्या ओळीतली नावं उचलून परत इन्स्टॉलला द्यायची. डेस्कटॉप गेला असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ नं काळा पडदा येतो, तिथे लॉगिन करून हेच करता येतं. वायफाय त्या वेळी दगा देतं, म्हणून फोन यूएसबीनं जोडून टेदरिंग चालू करा.

एखादं परकं भांडार ठेवायलाच हवं असेल तर त्याचा दर्जा उतरवा. /इटीसी/ॲप्ट/प्रेफरन्सेस.डीमध्ये एक फाइल करून त्या भांडाराला पिन-प्रायॉरिटी १०० द्या. मग जे फक्त तिथेच मिळतं तेवढंच तिथून येईल. शून्याखालचा आकडा दिला तर काहीच येत नाही. हजाराच्या वर दिला तर ॲप्ट नवी आवृत्ती पाडून जुनी बसवायलाही तयार होतो, म्हणून तो आकडा काम झालं की काढून टाकायचा.